घसरगुंडीची रांग

बागेत घसरगुंडीसाठी मुलांची रांग लागली होती. त्यात सात-आठ वर्षांच्या एका मुलीच्या गालावर कोडाचा पांढरा डाग होता. तिच्या मागच्या मुलाला त्याच्या आईने हाक मारली, "सोनू, इकडे ये आधी! तिला शिवू नकोस, लागेल."

"काकू, हे लागत नाही," मुलगी म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"बरं बाई," म्हणत आईने सोनूला ओढलेच. तो खरजेने बोटांच्या बेचक्यांत करकरा खाजवत होता. खरूज मात्र खरोखर लागते. पण खरूज, गजकर्ण, घामोळे घरोघरी मुलांना होतात, म्हणून आपण त्यांना निर्दोष सोडतो. विरळ असणे हाच आपल्या लेखी गुन्हा.

अन्याय दिसला की मी संबंधित कचेरीला खरमरीत पत्र धाडतो. हे कोणाच्या नावे धाडावे? इथे आरोपाआधीच शिक्षा होते आणि बचावाचे भाषण एवढ्याशा पोरीला पाठ करावे लागते.

पाहता पाहता इतर आयांनीही मुले बोलावून घेतली. घसरगुंडी आता तिच्या एकटीची होती. ती वर चढली, तिने मागे वळून पाहिले आणि पायऱ्यांवरूनच खाली उतरली.