बाईंचं वकीलपत्र

आमच्या सीनियर बाईंपुढे खोटं बोलून सुखरूप घरी गेलेला माणूस वर्धा जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. साक्षीदारांचं सोडा, ते तर बाई उभ्या राहिल्या की पाणी मागतात; पण बाजारातल्या भाजीवाल्याचीही तीच गत. "कोथिंबीर आजची?" असं बाई शांतपणे विचारतात. तो हो म्हणतो. मग "किती वाजता तोडली?", "तोडली तेव्हा तू वावरात होतास?", "नव्हतास, मग आजची हे तुला कुणी सांगितलं?" असं सुरू होतं आणि तिसऱ्या प्रश्नाला तो हात जोडतो, "बाई, कालची आहे. तशीच घेऊन जा, पण विचारू नोका." बाई तशी नेत नाहीत. कालच्या भावानं नेतात. लग्नाची पत्रिका आली तरी त्या ती आधी पेन हातात घेऊन वाचतात. एका अशिलाला त्यांनी समासात 'ही तफावत दूर करावी' असं लिहून पत्रिका परत पाठवली होती, कारण मुहूर्ताच्या आधी जेवण छापलं होतं.

मी त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून लागले त्या पहिल्याच वर्षी एकदा ताप आहे म्हणून सुट्टी मागितली. फोनवर बाई म्हणाल्या, "किती आहे?" मी म्हटलं, एकशे दोन. "घरात थर्मामीटर आहे?" मी गप्प झाले. बाईही गप्प झाल्या. त्यांच्या गप्प बसण्यात अशी काही ताकद आहे, की समोरचा माणूस ती शांतता भरून काढायला स्वतःहून बोलू लागतो. मी बोलले. मैत्रिणीबरोबर पवनारला जायचं होतं, हे सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "मग तसं सांगून जावं. नदीला पाणी चांगलं आहे सध्या." आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून अकरा वर्षं मी त्यांच्याकडे आहे आणि त्यांच्याशी खोटं बोललेली नाही. हा माझ्या चांगुलपणाचा पुरावा नाही, भीतीचा आहे.

आमची जिल्ह्यातल्या महिला वकिलांची एक छोटी संघटना आहे. कायदा शिकणाऱ्या मुलींना ती दरवर्षी शिष्यवृत्ती देते आणि त्या मुलींचा कौतुकसोहळा करते. बाई संघटनेच्या अध्यक्ष आहेत. शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यांनीच तयार केलेला, त्यामुळे तो नऊ पानी आहे. त्यात 'तुम्ही आपले मत शेवटचे केव्हा बदलले? कारण द्या' असेही प्रश्न आहेत. मुली तो भरताना जितक्या घाबरतात तितक्या परीक्षेला घाबरत नसतील.

यंदा तळेगावच्या प्रणाली नावाच्या मुलीचा अर्ज वाचून आमची सगळी समिती हळवी झाली. अकराव्या प्रश्नाच्या उत्तरात तिनं लिहिलं होतं, की काकांनी वडिलांची जमीन हडपली, वकील मिळाला नाही म्हणून वडील केस हरले, आणि निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात रडणारे वडील पाहून तिनं वकील व्हायचं ठरवलं. आमच्या सचिव मॅडमनी रुमाल काढला. बाईंनी मात्र अर्ज दोनदा वाचला आणि मला म्हणाल्या, "केसचा नंबर नाही दिलेला. उद्या स्थळपाहणीला जाऊ."

दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही तळेगावला पोचलो. प्रणालीचे वडील बाजाराच्या रस्त्यावर फवारणीचे पंप दुरुस्त करतात. दुकानातच बसले होते, हातात वॉशर, अंगभर ग्रीस. शिष्यवृत्तीवाल्या मॅडम आल्या म्हटल्यावर त्यांनी घाईघाईनं स्टूल पुसलं आणि पोरीला हाक मारली. बाईंनी सरळ विचारलं, "जमिनीची केस कुठल्या कोर्टात होती? आष्टीला?"

"कोणती केस?" ते गोंधळले. "आपली तं कोणतीच केस नाई, मॅडम. मी कोर्ट आतून पाह्यलं नाई कधी."

"आणि तुमचे भाऊ?"

"तो आतमंदी जेऊन राह्यला. बोलावू काय?"

आतून खरोखरच हात पुसत काका आले. सुस्वभावी माणूस. त्यांनी आम्हाला संत्री दिली. दाराशी प्रणाली उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. बाई तिच्याकडे बघत गप्प बसल्या. मला पवनार आठवलं आणि पोरीची दया आली.

"मी खोटं लिवलं," प्रणाली म्हणाली. "मागच्या वर्षी ज्यायले शिष्यवृत्ती भेटली त्यायचे अर्ज सोहळ्यात ऐकले होते. सगळ्यायच्या घरी काही ना काही झालं होतं. आमच्या घरी काहीच नाई झालं."

"मग वकील काऊन व्हायचं तुले?" बाई चिडल्या किंवा गहिवरल्या की वऱ्हाडीत शिरतात. यातलं कोणतं झालं होतं, ते मला कळेना.

"मले वाद घालणं आवडते. कोणी चूक बोललं का माह्याच्यानं राहवत नाई. बस, एवढंच."

वडील मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, आता तिचं नाव कटन काय?" काकांनी पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला. जी जमीन त्यांनी कधी हडपलीच नव्हती तिचा त्यांना तोपर्यंत पत्ताही नव्हता. बाईंनी पिशवीतून एक छापील कागद काढून प्रणालीपुढे धरला आणि म्हणाल्या, "वाच. मग सही कर."

तो कागद काय होता, ते मला समितीच्या बैठकीत कळलं. बाईंनी आधी स्थळपाहणीचा अहवाल वाचला, एक शब्दही न गाळता. सचिव मॅडम म्हणाल्या, "कायदा शिकणारी मुलगी आणि अर्जातच खोटं. नाव कमी करावं." बाकीच्या दोघींनी होकारार्थी माना हलवल्या. तेव्हा बाई अध्यक्षांच्या खुर्चीतून उठल्या, मला म्हणाल्या, "तू बस इथे," आणि टेबलाला वळसा घालून समोर जाऊन उभ्या राहिल्या. तिथे त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला. ते वकीलपत्र होतं. रीतसर भरलेलं, कोर्ट-फीचं तिकीट लावलेलं, खाली प्रणालीची सही.

"आता मी अर्जदारातर्फे," बाई म्हणाल्या.

बाईंचे खुनाच्या खटल्यातले युक्तिवाद मी ऐकलेले आहेत. पण त्या दिवशी चार बायका आणि गार झालेला चहा यांच्यापुढे बाई जे बोलल्या, तसं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "अकरावा प्रश्न वाचा," त्या म्हणाल्या. "'वकिली शिकावी असे वाटण्यास कोणता प्रसंग कारणीभूत झाला?' आपण प्रसंग मागितला. हिच्याकडे प्रसंग नव्हता. जिच्या घरी सगळे एकमेकांशी नीट वागतात तिनं कायदा शिकू नये, असं संघटनेचं म्हणणं आहे का? मागचे अर्ज काढा. प्रत्येकीकडे एक रडवणारा प्रसंग आहे. ते मी तपासले नाहीत, कारण मला रडू आलं होतं. हा प्रश्न कुणी तयार केला? मी. खोटं तिनं लिहिलं, पण लिहायला भाग पाडलं ते मी. शिक्षा द्यायची असेल तर आधी माझं नाव घ्या." मग त्या थांबल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "आणि पोरगी विचारल्यावर एका मिनिटात खरं बोलली. माझ्यापुढे मोठमोठी माणसं दोन-दोन तारखा घेतात."

सचिव मॅडमनी पुढच्या वर्षीच्या फॉर्ममधल्या अकराव्या प्रश्नावर काट मारली. प्रणालीचं नाव कायम ठेवलं; वकील का व्हायचं ते तिनं नव्यानं, खरं लिहून द्यावं, एवढीच अट घातली.

सोहळ्याला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत प्रणालीचे वडील, काका आणि आई होते. वडिलांच्या नखांतलं ग्रीस काही निघालं नव्हतं. प्रत्येक मुलीनं दोन शब्द बोलायचे होते. प्रणालीची पाळी आली तेव्हा काय बोलायचं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनीही नाही. ती म्हणाली, "मी अर्जात आधी एक खोटी केस लिहिली होती. तशी कोणतीच केस नाही. माझे बाबा पंप दुरुस्त करतात, माझे काका चांगले आहेत, आमच्या घरी सगळं बरं आहे. मला फक्त वकील व्हायचं आहे."

सभागृहात कुणाला काय करावं ते सुचेना. मग काकांनी एकट्यानंच टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळं सभागृह त्यात मिसळलं. पाहुण्या म्हणून आलेल्या न्यायाधीश बाई उभ्या राहिल्या. आमच्या बाई मात्र खुर्चीतच बसून राहिल्या, खाली बघत.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघी ऑटोसाठी फाटकाशी उभ्या होतो. ऊन उतरलं होतं. बाई म्हणाल्या, "वकील का झालात असं विचारलं की मी सगळ्यांना सांगते, वडिलांची इच्छा होती."

"हो," मी म्हटलं. मीसुद्धा ते पुष्कळांना सांगितलं होतं.

"वडिलांची काडीची इच्छा नव्हती. सनद आली तो लिफाफा त्यांनी हातातही घेतला नाही. मलाच व्हायचं होतं. पण मुलीनं तसं सांगणं तेव्हा बरं दिसत नव्हतं. मग एकदा सांगितलं ते सांगतच राहिले." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "ही पोरगी केवढीशी आहे. माईकवर बोलली."

बाईंच्या खांद्यावर त्यांची कोर्टाची जाडजूड बॅग होती. अकरा वर्षांत ती त्यांनी कुणाच्या हाती दिलेली मी पाहिली नव्हती. मी हात पुढे केला. त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि बॅग दिली.