हनोईला घर पाहायला

वरठीच्या फलाटावर हावड्याकडे जाणारी गाडी लागली, मी खिडकीशी बसलो, तरी माझी बहीण सुमन बजावत होती.

"भाऊ, पोट्ट्याचं तोंड पाहून भुलू नोको. घर पाह्यजो."

"आजवर कधी भुललो का?"

"तू हो म्हणशील तं हो, नाही म्हणशील तं नाही. पल्लवीले मी तसंच सांगतलं."

पल्लवी म्हणजे सुमनची एकुलती एक पोरगी. कारध्याची ही पोर संगणकाच्या नोकरीसाठी व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत गेली आणि तिथल्याच मिन नावाच्या मुलाशी लग्न करते म्हणाली. सुमनचे यजमान माधोराव आता नाहीत, त्यामुळे सगळा भार मामावर, म्हणजे माझ्यावर.

लाखनीत माझं कापडाचं दुकान आहे, पण लोक मला ओळखतात ते सोयरिकींमुळे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडया (जत्रा) भरतात, तिथे स्थळांच्या गोष्टी निघतात आणि मग घर पाहायला मला नेतात. माझी रीत ठरलेली आहे. आधी गावाच्या तोंडाशी पानठेल्यावर बसून चौकशी करायची, मग घर पाहायचं. पसंत पडलं तर तिथे जेवायचं. नाही पडलं तर चहा घेऊन "गाडीची वेळ झाली" म्हणत उठायचं. समोरचे काय ते समजून जातात. मी पाहिलेलं घर चुकत नाही असं लोक म्हणतात, आणि लोकांना खोटं पाडणारा मी कोण?

गाडी हलताना सुमन एकदम म्हणाली, "बाबा काय म्हणे, याद आहे ना?"

याद होतं. आमचे वडील म्हणायचे, पोरगी इतकीच दूर द्यावी की आपल्या चुलीवरची वाटी तिच्या घरी गरम पोचली पाहिजे. म्हणून त्यांनी सुमनला लाखनीहून कारध्याला दिली. एसटीत मांडीवर फडक्यात बांधलेली वाटी धरून मीच कितीदा गेलो आहे. आणि आता हे हनोई. "मले तं ते नकाशात भी सापडत नाही," सुमन म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. गाडी सुटली. मी अर्धं उत्तर ठरवूनच निघालो होतो, आणि ते नाही असं होतं.

हावड्याहून कोलकात्याचा विमानतळ आणि तिथून थेट हनोई. विमानतळावर पल्लवी उभी होती. वाळली होती. "काहून वं, खात नाही का?" म्हटलं तर हसली आणि माझी बॅग ओढत चालू लागली.

हनोईबद्दल पहिली गोष्ट सांगायची तर मोटरसायकली. लाखनीचा हायवे ट्रकांच्या मधून ओलांडत मी मोठा झालो, मला रस्त्याची भीती कोणी दाखवू नये. पण इथे रस्ताच दिसत नव्हता, नुसत्या गाड्या. एका गाडीवर नवरा, बायको, लेकरू आणि काचेची खिडकी. एकीवर संत्र्याचं अख्खं झाड. थांबत कोणीच नव्हतं. मी कडेला उभा राहिलो तो उभाच.

"मामाजी, थांबू नोका आन् पळू नोका. हळूहळू चालत राहा. तेच बाजूनं जातेत."

"आन् नाही गेले तं?"

"जातेत."

मी देवाचं नाव घेऊन पाऊल टाकलं आणि खरंच गाड्या दोन्ही बाजूंनी वाहत गेल्या. संध्याकाळपर्यंत मी एका गोऱ्या जोडप्याला हात धरून पलीकडे नेऊन सोडलं. पल्लवी म्हणाली, "मामाजी, तुमी आजच आले ना?"

जुन्या शहरात एकेका गल्लीत एकेक धंदा. एक गल्ली रेशमाची, तिथे मी बोटांत कापड चोळून पाहिलं; माल चांगला होता, पण आमच्या मोहाडीच्या कोशाला (टसर रेशमाला) आहे तो खरखरीत गोडवा त्यात नाही. एका गल्लीत नुसते पत्रे ठोकत होते. तो आवाज ऐकून मला भंडाऱ्यातली भांडी ठोकणाऱ्यांची आळी आठवली आणि मी तिथे बराच वेळ विनाकारण उभा राहिलो.

जेवण फुटपाथवर, लहान मुलांच्या शाळेत असतात तसल्या प्लास्टिकच्या स्टुलांवर. मी बसलो आणि माझ्या स्टुलाचे चारही पाय चार दिशांना गेले. मी जमिनीवर. दुकानदारीण धावत आली, मला वरून खालून पाहिलं आणि दोन स्टुलं एकात एक घालून ठेवली. पुढे मी जाईन तिथे पल्लवी आधीच दोन बोटं वर करायची. फो (तांदळाच्या शेवया घातलेला मांसाचा रस्सा) मात्र असा होता की मी वाडगा तोंडाला लावून संपवला. वरून घालतात त्या आंबवलेल्या मासळीच्या पाण्याचा वास पहिल्या दिवशी नाकात जातो, दुसऱ्या दिवशी आपणच मागतो.

सकाळी होआन किएम तळ्यावर गेलो. आमचा जिल्हा तलावांचा, त्यामुळे तळं दाखवून मला कोणी चकित करू शकत नाही. पण या तळ्याभोवती पहाटेपासून म्हाताऱ्या बाया रांगेत उभ्या राहून गाण्यावर हातपाय हलवत होत्या, आणि एकीनं मलाही ओढून घेतलं. मी धोतर सावरत सगळा कार्यक्रम केला. आमच्याकडे या वयाच्या बाया गुडघे धरून ओसरीवर बसतात. सुमनलाही बसलेलीच पाहिली आहे. म्हटलं हे तिला सांगायचं.

मिनच्या घरी रविवारी जायचं ठरलं होतं. त्याआधी पानठेला गाठणं भाग होतं. पल्लवी कामावर गेल्यावर, "पूल पाहून येतो" म्हणून निघालो. मिनचं घर लाल नदीच्या पलीकडे, जुन्या लोखंडी पुलावरून जावं लागतं. खाली गढूळ लालसर पाणी, मधून आगगाडी, कडेनं मोटरसायकली आणि पायी जाणारा मी. पुलाच्या मध्यावर थांबून मागे पाहिलं तर तिकडे शहर, इकडे गाव. मला वैनगंगेवरचा कारध्याचा पूल दिसायला लागला. तेवढ्यानं मी पाघळणारा नव्हतो.

गल्लीच्या तोंडाशी पानठेला नव्हता, पण चहावाली होती. झाडाखाली त्रा दा (बर्फ घातलेला कोरा चहा) विकत होती. मी दोन स्टुलं मागितली आणि मोबाइल काढला. पल्लवीनं त्यात आपण बोललेलं व्हिएतनामीत सांगण्याची सोय करून दिली होती. अडचण एकच, त्याला आपली बोली समजत नव्हती. "त्या घरचा पोट्टा कसा आहे?" विचारलं तर तो गप्प. शेवटी शाळेतल्या गुरुजींसारखं बोललो: "त्या घरातील मुलाचा स्वभाव कसा आहे?" मग लगेच बोलला.

चहावालीनं गल्लीकडे पाहिलं, माझ्या मिशांकडे पाहिलं आणि उत्तर दिलं. मुलगा सरळ आहे, गाडी मात्र जोरात चालवतो. आई मोठ्यानं बोलते, पण मनानं चांगली आहे.

पहिला चहा संपतो तोवर शेजारच्या स्टुलावर एक म्हातारा सूर्यफुलाच्या बिया सोलत येऊन बसला. त्यानं मूठभर माझ्यापुढे केल्या आणि माझाच मोबाइल घेऊन विचारू लागला. कुठून आलात? धान पिकतो का? दारू पिता का? म्हटलं, लग्नाकार्यात चाखतो. तुमच्या घरची मुलगी कशी आहे? आता हे विचारणार म्हटल्यावर मी कशाला मागे राहू? पल्लवीचं शिक्षण, स्वभाव, तिच्या हातची लाखोळीची डाळ, सगळं सांगितलं. म्हातारा मान हलवत ऐकत होता. दुसऱ्या दिवशी गेलो तर तो आधीच येऊन बसलेला. मला तो माणूस आवडला.

रविवारी मी स्वच्छ धोतर, टोपी घालून पल्लवीबरोबर त्या घरात गेलो. एक खोली रुंद आणि चार मजले उंच असं घर, बैठकीतच मोटरसायकली उभ्या. आमच्याकडे दारात बैल पाहतो तशा मी त्या पाहून घेतल्या. पुसलेल्या होत्या, हे बरं लक्षण. मिन पुढे येऊन वाकला. पोरगा उंच, डोळ्यांत पाहून बोलणारा. त्याच्यामागे त्याची आई. आणि तिच्यामागे, इस्त्रीचा सदरा घालून, तो बिया सोलणारा म्हातारा.

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.

"मामाजी, हे मिनचे काउ," पल्लवी म्हणाली. "काउ म्हणजे आईचा भाऊ. यायच्यातही मामाले वेगळा शब्द आहे."

मिनच्या आईनं त्याला पाठवलं होतं. गल्लीत मिशीवाला परदेशी बसून आमची चौकशी करतो, हे चहावालीनं माझा पहिला चहा ओतता ओतताच कळवलं होतं. तेव्हा ती भावाला म्हणाली, तू जाऊन तो माणूस कसा आहे ते पाहून ये. उभ्या जन्मात माझीच चौकशी कोणी माझ्यासमोर करून गेलं नव्हतं. मी हसायला लागलो, तोही लागला, आणि आम्हाला बराच वेळ थांबता आलं नाही.

घर दाखवलं. सगळ्यात वरच्या मजल्यावर पितरांचा देव्हारा, मिनच्या वडिलांचा फोटो, पुढे केळी आणि उदबत्ती. मीही एक उदबत्ती लावली. घर चांगलं होतं, माणसं चांगली होती. पण माझं अर्धं उत्तर जागेवरच होतं. चांगलं घर घेऊन काय करायचं? अडीनडीला इथे आपलं कोण येणार? सुमनची वाटी कुठवर पोचणार? चहा घेऊन उठायचं असं मी जिन्यात ठरवलं.

खाली उतरताना स्वयंपाकघरात नजर गेली आणि पाय थांबले. फळीवर स्टीलचा डबा होता. मी उतरवून घेतला. झाकणावर ठिपक्यांनी कोरलेलं: माधोराव, कारधा. सुमनच्या आंदणातला (लग्नात दिलेल्या भांड्यांतला) डबा. भंडाऱ्याच्या दुकानात नाव घालताना मी समोर उभा होतो. 'कारधा'तला 'का' तिरपा गेला म्हणून दुकानदाराशी भांडलोही होतो. तो तिरपा 'का' माझ्या अंगठ्याखाली होता.

"पल्लवी, हा इथे कसा?"

ती खाली पाहू लागली. "पावसाळ्यात डेंग्यू झाला होता मामाजी. दवाखान्यात होती मी."

"आन् सांगतलं नाही?"

"माय एकटी आहे. कायले घाबरवू?"

माझा आवाज चढला. सख्ख्या मामाला नाही सांगत, आईला म्हणते फोनला रेंज नव्हती, आणि इकडे मरणाच्या दारात. मी बोलत सुटलो. मिनच्या आईला शब्द कळले नसतील, राग कळला. ती पुढे आली, डबा माझ्या हातातून घेतला आणि मोठ्यानं बोलू लागली. पल्लवी हळूहळू सांगत होती.

दवाखाना नदीपलीकडे. पल्लवीला गिळवत नव्हतं, थंड झालेलं तर अजिबात नाही. म्हणून ही रोज तांदळाची पेज शिजवायची, पल्लवीच्या खोलीवरून आणलेल्या याच डब्यात भरायची, टॉवेलात गुंडाळायची आणि मिनच्या गाडीवर मागे बसून मांडीवर धरून पूल ओलांडायची.

"त्या म्हणतात," पल्लवी म्हणाली, "मिन गाडी जोरात चालवते म्हणून लोक नावं ठेवतात. तवा मीच म्हणत होती, जोरात चालव, थंडी होईन."

मी टोपी काढून डोळे पुसले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

खाली चटईवर जेवण मांडलं होतं. पाहुणा बसल्याशिवाय कोणी बसेना. पल्लवी कोपऱ्यात उभी होती, चहाच्या कपाकडे पाहत. तिला आमची रीत ठाऊक आहे. कप मी बाजूला सारला.

"भूक लागली ना वं," मी म्हणालो. "वाढा."

पदर असता तर ती तो तोंडात कोंबून रडली असती. ओढणी होती, तीच घेतली. मिनच्या आईनं माशाचा मधला तुकडा माझ्या वाडग्यात टाकला. काड्यांचा नाद सोडून मी हातानं जेवलो, आणि माझं पाहून मिनचा मामाही हातानं जेवला.

निघताना मिनच्या आईनं तो डबा माझ्या पिशवीत ठेवला. आता तो जड होता.

कारध्याला पोचलो तेव्हा सुमन दारातच होती. मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिनं आधी नाव पाहिलं, मग झाकण काढलं. आत साखरेत घोळलेल्या कमळाच्या बिया. आमच्या तलावांत कमळं असतात, तिला लगेच कळलं काय आहे ते. मग मी सगळं सांगितलं, डेंग्यूसकट. ती पोरीवर चिडली, माझ्यावर चिडली, रडली. मग बराच वेळ डब्यावरून हात फिरवत राहिली.

"पेज गरम राहे का?" तिनं विचारलं.

"वाफ येत होती म्हणते पल्लवी."

घरं पाहत मी इतकी वर्षं हिंडलो. आपली वाटी तिथवर पोचते का, एवढंच मोजत आलो. तिकडूनही कोणी वाटी घेऊन निघतं, हे मोजायचं मला सुचलंच नव्हतं. हे सुमनला सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर ती उठून गेली होती. बिया ताटलीत काढून, विहिरीवर राखेनं डबा घासत बसली होती. दुसऱ्याचं आलेलं भांडं आमच्याकडे रिकामं परत जात नाही, आणि हे तर तिचं स्वतःचं भांडं होतं. तरी ती तिरप्या 'का'भोवती बोट फिरवून फिरवून घासत होती.

"भाऊ," मान वर न करता ती म्हणाली, "पासपोर्टले फोटो कसा लागते?"