पुलावरून आलेले वकील

आज सकाळी बर्मिंगहॅमजवळच्या आमच्या गावात स्टेशनजवळच्या पुलाला नवा रंग दिला होता. त्या वासासरशी मला टाउन हॉलमधल्या सुनावणीची एक जुनी दुपार आठवली.

रेल्वेला जादा रूळ टाकायचे होते आणि त्यासाठी हा व्हिक्टोरियाच्या काळातला लोखंडी पूल पाडायचा होता. पूल गेला असता, तर आमच्या वस्तीला हॉस्पिटल लांब पडलं असतं. कौन्सिलचा विरोध होता. कौन्सिलची बाजू मांडायला उभी होती माझी नागपूरची मैत्रीण शीला, आमच्या वॉर्डाची कौन्सिलर.

रेल्वेचे वकील म्हणाले, "हा पूल आता फारसं कोणी वापरत नाही."

शीलाने शांतपणे विचारलं, "आपण आज ट्रेनने आलात ना? मग स्टेशनवरून इथवर कसे आलात?"

"पुलावरून," वकील म्हणाले, आणि स्वतःच हसले. अख्खा हॉल हसला.

पूल वाचला. रूळ मालधक्क्याच्या बाजूने टाकले गेले. तेव्हा वाटलं, आपण रेल्वेला हरवलं. आता माझी नात त्याच रुळांवरून बर्मिंगहॅमला नोकरीला जाते, तेव्हा वाटतं, त्या दुपारी हरलं कोणीच नव्हतं.

हॉलबाहेर पडताना शीला वकिलांना म्हणाली, "चला, पुलावरून स्टेशनपर्यंत सोडते." आणि माझ्याकडे वळून हळूच, "तूही चल गं. आज मिरवून घेऊ."