चहा बाहेर आहे

मी हात वर केला होता. व्याख्यान संपलं होतं, प्रश्नांची वेळ होती. तरुण सूत्रसंचालक माईक घेऊन माझ्या खुर्चीपाशी आला. दोन तास सगळं इंग्रजीत चाललं होतं. माझी सुती साडी, कापडी पिशवी बघितली आणि तो वाकून हिंदीत म्हणाला, "अम्मा, चाय बाहर है. आराम से पी लेओ."

माईक चालूच होता. सभागृह हसलं. माईक मागच्या रांगेत गेला.

मुलांनो, विद्यानगरच्या आपल्या घराजवळचं विद्यापीठाचं फाटक तुम्हाला आठवत असेल. तिथल्या फलकावर येत्या कार्यक्रमांची यादी लागते. मी ती डायरीत उतरवून घेते. वार, वेळ, सभागृह. खाली दर वेळी तीच ओळ : सर्वांना प्रवेश खुला.

त्या दिवशीचा विषय होता, जुन्या हैदराबाद संस्थानातल्या शेतकरी घरांतल्या मुलींचं शिक्षण. म्हणजे मी. माझ्या वडिलांनी धान्याच्या पोत्यांबरोबर मला गावाहून इथे हैदराबादेत, नारायणगुड्याच्या वसतिगृहात आणून सोडलं होतं. आणि हे बाहेरून आलेले प्राध्यापक पडद्यावर तक्ते दाखवत सांगत होते, "या मुली पदवीपर्यंत आल्या. पुढे जायची इच्छा त्यांच्यातच नव्हती."

इच्छा नव्हती!

याच विद्यापीठात मी तरुणपणी इंग्रजी एम.ए.ची विद्यार्थिनी होते. वर्गात पहिली. एकदा याच सभागृहात एक मोठे विद्वान येणार होते. त्यांचं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, प्रश्न चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. विभागप्रमुख म्हणाले, "मुलींनी चहाचं बघा." आम्ही तिघीच मुली. मागच्या खोलीत कप विसळत दाराआडून टाळ्या ऐकल्या. चिठ्ठी ओल्या हातात भिजली. दर कार्यक्रमाला हेच.

पुढे विभागात शिकवायची जागा निघाली. मी अर्ज केला. तेच प्रमुख म्हणाले, "कार्यक्रमांत तुम्ही कधी तोंड उघडलं नाहीत. वर्गात काय बोलणार?"

मी मान खाली घालून बाहेर आले. वाईट हे की मला ते पटलं. मग तीस वर्षं शाळेत साठ-साठ मुलींना शिकवलं, तरी मनात तेच. आपल्याला चारचौघांत बोलता येत नाही.

परवा लोक हसले तेव्हा ते सगळं एकदम दिसलं. मी गप्प बसले नाही. हात वरच ठेवला. खांदा दुखायला लागला तरी ठेवला. शेवटी इंग्रजीत, मोठ्याने म्हणाले, "मला चहा नको. मला प्रश्न विचारायचा आहे."

तो दचकला. "ओह, सॉरी मॅडम. पण वेळ संपली."

अम्माची मॅडम झाले. इंग्रजी आलं म्हणून. नसतं आलं तर? ते 'मॅडम' मला 'अम्मा'पेक्षा जास्त लागलं.

बाहेर माझ्याच वयाची एक बाई किटलीतून चहा ओतत होती. मी विचारलं, "अंदर का सुनाई देता?"

"सब सुनती मैं," ती म्हणाली. "पन हमकू कौन पूछता?"

तिने पुढे केलेला कप मी घेतला नाही. का, ते तिला सांगितलं : ते विसळलेले कप, ती भिजलेली चिठ्ठी. ती हसली. आतल्यांसारखं नाही.

काल फोनवर धाकटी नात म्हणाली, "आजी, लेट इट गो ना. घरी बसून ऑनलाइन बघ." नाही बाळा. मी आयुष्यभर तेच केलं. सोडून दिलं.

येत्या गुरुवारी चार वाजता याच व्याख्यानाचा दुसरा भाग आहे. फलकावर लागलंय, डायरीत लिहिलंय. मी माईकच्या बाजूच्या खुर्चीवर बसणार आहे. माईक दिला नाही तर माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, साठ मुलींनी तो ऐकलाय. प्रश्न इंग्रजीत विचारणार नाही. दाराआडच्या तिलाही कळेल अशा हिंदीत विचारणार : त्या मुलींना इच्छा नव्हती, हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांच्यातल्या एकीला तरी विचारलंत का?

उत्तर मिळेपर्यंत उभी राहीन. चहा घरून पिऊन जाईन.