फैलका बेटावरचं ग्रीक देऊळ

आखातातल्या सालमियाच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवल्या. शेजारचं अरब कुटुंब वळून बघायला लागलं, पण मला कसली पर्वा! एकवीस वर्षं मी नाशिकच्या शाळेत ग्रीकांचा धडा शिकवत होते आणि ग्रीकांचा साधा खडासुद्धा कधी पाहिला नव्हता. आता समोर फैलका बेट होतं. भारताच्या वेशीवरून परत फिरलेल्या त्या जगज्जेत्याच्या मागोमाग आलेले ग्रीक इथे राहिले होते. त्यांनी किल्ला बांधला, किल्ल्यात देऊळ बांधलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी सातवी ब नं बजावलं होतं, "बाई, ग्रीकांचं काहीतरी आणाच." मीही तोंड भरून "आणते" म्हणून बसले होते. परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी होतं.

फहाहीलला राहणाऱ्या माझ्या जावयाला ऐन वेळी कंपनीतून बोलावणं आलं, म्हणून त्यानं सोबतीला सदानंद गुरवांना दिलं. मालवणकडचे गवंडी. आमच्या लेकीच्या न्हाणीघराच्या फरश्या त्यांनीच बसवल्या होत्या. जलीबमध्ये सहाजणांच्या खोलीत राहायचे आणि जुम्म्याला (शुक्रवारच्या सुट्टीला) कपडे धुऊन झोपायचे. त्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बोटीवर आम्ही खुबूस (तंदुरी रोटीसारखी भाकरी) आणि लेकीनं बांधून दिलेल्या चकल्या खाल्ल्या. मी ग्रीकांविषयी अखंड बोलत होते आणि ते मान डोलावत होते.

बेटावर उतरलो आणि माझं बोलणं थांबलं. आखाती युद्धाला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती, तरी घरांच्या भिंतींना गोळ्यांची भोकं तशीच होती. एका ओट्यावर मुलाची तीनचाकी गंजत पडली होती. माणसं गेली ती परत राहायला आलीच नव्हती. तिथून पुढे चालत गेलो तर तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे ते! खंदक, भिंती, मधोमध देवळाचा चौथरा. मी तार धरून उभी राहिले. डोळ्यांत पाणीच आलं.

"बंद है, अम्मा," बांगलादेशी रखवालदार म्हणाला. "मुदीर (साहेब) का चिठ्ठी लाओ."

मी विनवण्या केल्या, शिक्षिका असल्याचं सांगितलं, चकल्याही पुढे केल्या. चकली त्यानं घेतली, पण फाटक उघडलं नाही.

तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. सदानंदांनी चपला काढून कुंपणाशी नीट जोडून ठेवल्या होत्या आणि ते वाळूत अनवाणी उभे होते.

"अहो, हे काय?"

"बाई, देऊळ म्हणतास मां? मगे चपला भायर."

मीही ओशाळून चपला काढल्या.

"आपका मंदिर है ये?" रखवालदारानं विचारलं.

"हमारा नय," सदानंद म्हणाले, "लेकिन मंदिर तो है ना."

रखवालदार थोडा वेळ आमच्या पायांकडे बघत राहिला. मग त्यानं किल्ली काढली. "दस मिनट. साथ में रहूँगा."

मी धावतच सुटले आणि चौथऱ्याच्या कडेवर टाच खरचटून घेतली. सदानंद मात्र शांतपणे फिरत होते. त्यांनी दगडावरून बोट फिरवलं आणि मला टाकीच्या (छिन्नीच्या) खुणा दाखवल्या.

"चुन्याशिवाय सांधो बसवल्यानी! हात बघा कसो! आणि तोंड उगवतीक आसा. समोर ह्यो चौथरो, बळीचो असतलो. आमच्या गावात अगदी अशेच."

पुस्तकात हेच छापलं होतं. समोर यज्ञवेदी, दार पूर्वेला. मी ते वर्षानुवर्षं पाठ करून घेतलं होतं. या गुरवानं ते नुसतं उभं राहून ओळखलं. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही.

तेव्हाच पायाशी खापराचा तुकडा दिसला. तांबूस, बोटभर. सातवी ब! रखवालदाराची पाठ होती. मी वाकून तो मुठीत घेतला.

"बाई," सदानंद हळूच म्हणाले, "देवळातली वस्तू घराक नेऊ नये."

"अहो, इथे देव कुठे राहिलाय आता?"

"चार वर्सां झाली, माझ्याय गावच्या देवळात माझी पुजेची पाळी चुलतभाव करता. मी नाय थंय. म्हणान कोणी थंयलो दिवो उचलून नेलो तर?"

माझी मूठ आपोआप उघडली. तुकडा होता तिथेच ठेवला. मग सदानंदांनी मोकळ्या चौथऱ्याला वाकून नमस्कार केला. आपल्या गावाकडे बघून करावा तसा बराच वेळ.

नाशिकला शाळा उघडली. वर्गात पाऊल टाकताच गलका झाला, "बाई, काय आणलंत?"

"काहीच नाही," मी म्हणाले. मग सदानंदांची सगळी गोष्ट सांगितली. पोरं कान देऊन ऐकत होती. पहिल्या बाकावरची एक मुलगी मात्र हिरमुसलेलीच. "म्हणजे ग्रीकांचं काहीसुद्धा नाही?"

मी चप्पल काढली, पाय खुर्चीवर ठेवला आणि टाचेवरचा ओरखडा दाखवला.

अख्खी सातवी ब बाक सोडून बघायला धावली.