मराठीत कागदाचा, गुजरातीत पोरीचा

या सदरात लिहिणाऱ्यांना मी आजवर मनातल्या मनात शिव्याच घातल्यात. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... रिकामटेकडे लेकाचे! आज मीच त्या रांगेत येऊन उभी राहिलेय, म्हणून स्वतःचाही राग येतोय. हसायचं असेल तर हसा. पण आधी पूर्ण वाचा.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. आम्ही सुरतला नानपुऱ्यात पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. आमचे हे बँकेत. मुलगी वंदना सहा-सात वर्षांची, गल्लीतल्या गुजराती पोरींमध्येच वाढलेली. आणि आई गेल्यापासून माझे वडील आमच्याकडे असायचे — साताऱ्याकडचे निवृत्त मराठीचे मास्तर, जीभ तिखट. मीही त्यांचीच लेक, तेव्हा भांड्याला भांडं रोज लागायचं.

बाबांना एकच व्यसन, मुंबईहून येणाऱ्या मराठी पेपरातलं शब्दकोडं. पेपर गाडीनं यायचा, आमच्या दारात पडेपर्यंत दुपार व्हायची. कोडंही साधंसुधं नव्हे हां... वाचणाऱ्याला एक अर्थ दाखवायचा आणि उत्तर भलत्याच अर्थात दडवायचं, असला प्रकार. बाबा क्लू वाचायचे, मी पोळ्या लाटता लाटता उत्तर द्यायची. अडले की म्हणायचे, "पुन्हा वाच, बये!" मला बये म्हणणारा अख्ख्या जगात तो एकच माणूस. कोडं सुटलं की परीक्षण सुरू. प्रत्येक क्लूशेजारी पेन्सिलीनं शेरा — 'छान', 'बरा', नाहीतर 'लबाड'. कोडं घालणाऱ्यानं चकवावं, फसवू नये, हा त्यांचा कायदा. फसवाफसवी सापडली की संपादकाला खरमरीत पोस्टकार्ड जायचं.

एकदा क्लू आला, 'चढला की माणूस आडवा'. दोन अक्षरं, पहिलं 'ता'. मी म्हटलं, "ताव!"

"ताप!" बाबा कडाडले. "ताव कागदाचा असतो, मिशीला देतात. अंगात येतो तो ताप! सुरतेत राहून भाषा बाटली तुमची!"

"इथं सगळे तावच म्हणतात. आणि भट्टीला ताव येतो ना मराठीत? मग अंगाला का नको?"

"अंग म्हणजे भट्टी नव्हे!"

दुसऱ्या दिवशी पेपरात उत्तर आलं, ताप. झालं! म्हातारा आठवडाभर तो पेपर माझ्या नाकासमोर नाचवत होता. तेही मी सोसलं असतं. पण मग त्यांनी मोर्चा वळवला वंदनाकडे. पोर शाळेतून यायची, म्हणायची, "आजोबा, मला ताव आलाय." की लगेच, "ताप! ताप म्हण! दहा वेळा म्हण!" अंगात कणकण असलेल्या पोरीला भिंतीशी उभं करून! मी त्यावरून कडकडून भांडले. "मास्तरकी शाळेत ठेवा," म्हटलं, "तिला आधी गोळी द्या, मग व्याकरण." बाबा बधले नाहीत. त्यानंतर आम्ही दोघं कोडंसुद्धा वेगवेगळं सोडवायला लागलो. आणि त्या दिवाळीच्या आधी बाबा गेले, झोपेतच. भांडण तसंच राहिलं.

पेपर मी बंद केला नाही. का, ते विचारू नका.

होळी होऊन गेली होती. सकाळी वंदना एवढंच म्हणाली, "आई, डोकं दुखतंय." मी सुंठ उगाळून लावली, शाळा बुडवू दिली आणि आतल्या खोलीत निजवली. पोर गुमान पडून राहिली. दुपारी पेपर आला. हातातली कामं आवरून मी पेन्सिल घेऊन बसले. चार-पाच शब्द भरले आणि उभ्या शब्दांपाशी आले. तिथं छापलं होतं —

'मराठीत कागदाचा, गुजरातीत पोरीचा. पुन्हा वाच, बये.'

दोन अक्षरं.

आधी माझं डोकंच फिरलं. मराठी पेपरात गुजराती शब्द? ही कुठली रीत? मी तावातावानं शेजारी लिहिलं, 'लबाड'. मग नजर शेवटच्या शब्दावर गेली. बये. छापील अक्षरात. पुन्हा वाचलं... कागदाचा ताव... पोरीचा ताव...

पेन्सिल टाकून आत धावले. वंदना मान मागे ताणून पडली होती, डोळे अर्धवट उघडे, अंग नुसतं तव्यासारखं. मी किंचाळले तशी खालच्या ऊर्मिलाबेन धावत वर आल्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे बाप रे, छोकरीने केटलो ताव छे!" शेजारच्या सरबतवाल्याकडून त्यांनीच बर्फ आणला, हाताला लागला तो पेपर फाडून त्यात गुंडाळला, आणि आम्ही रिक्षानं मोठं हॉस्पिटल गाठलं. मेंदूच्या आवरणाला सूज होती. डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर पोर हाती लागली नसती!"

पोर वाचली. डावा कान गेला, तो कायमचा.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. तर हे शांतपणे म्हणतात, "दमली होतीस. ताव शब्द सुचला, बाकीचं तुझ्या मनानं लावलं." मी काय वेडी आहे? तशीच उठले आणि पलीकडच्या देशपांड्यांकडे गेले. त्यांच्याकडेही तोच पेपर यायचा. रद्दीतून त्या दिवसाचा अंक काढला. तीच चौकट, तीच दोन घरं. क्लू मात्र — 'जेवणावर मारतात, पण लागत कुणालाच नाही.' उत्तर तेच, ताव! देशपांडेकाकू माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मलाच डॉक्टरची गरज आहे. माझा अंक दाखवावा, तर त्याचा बर्फाच्या पाण्यात लगदा झालेला. हे म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो?" त्या रात्री ह्यांचं ताट मी आपटूनच वाढलं.

पण खरा संताप पुढे आला. वंदना बरी झाल्यावर मी तिला विचारलं, "अगं सोन्या, एवढं अंग तापलं होतं, सांगितलं का नाहीस?" खाली मान घालून म्हणाली, "मला ते ताव की ताप, आठवेना. चुकलं की आजोबा ओरडतात. म्हणून नुसतं डोकं म्हटलं."

आजोबा जाऊन महिने लोटले होते हो! तरी पोर घाबरून शब्द गिळून बसली होती. मी बाबांच्या फोटोसमोर उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. एवढं कळत होतं, तर सरळ सांगायचं ना! 'पोरीला बघ' असं छापायला काय झालं होतं? मेल्यावरही कोडं घालता? आणि तेही दुपारच्या गाडीनं? सकाळी सांगितलं असतंत तर कान वाचला असता!

आता वंदनाला स्वतःची मुलगी आहे. मी अजूनही रोज कोडं सोडवते, आणि हा प्रकार काय होता ते मला अजूनही ठाऊक नाही. कुणी समजावून सांगायला आलं तर त्याचाही राग येतो. एवढं मात्र कळतं. ज्या माणसानं जिवंतपणी तो शब्द मान्य केला नाही, नातीच्या तोंडून उपटून काढला, त्यानंच तो गुजराती अर्थासकट, चक्क मराठी पेपरात, माझ्यासमोर ठेवला. त्या हट्टी म्हाताऱ्याला ते किती जड गेलं असेल, ते मला विचारा.

आणि मी त्याच्याशेजारी 'लबाड' लिहून ठेवलं. खोडायला तो कागदही उरला नाही.