चेऊलकरच्या मामाचा फोटो

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आत्ता तुम्हाला सांगतानाही आधी मनात आलंच — हे ऐकून तुम्ही कोणाला सांगाल? बघा, स्वभाव! मुळात ताक फुंकून पिणारा माणूस मी. नव्वद सालानंतर दुबईला आलो, देरामध्ये राहायला लागलो, आणि पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलो.

फोटो लॅबमध्ये नोकरी होती. एका खोलीत आम्ही चौघं, त्यात दुसरा मराठी एकच — बेन चेऊलकर, अलिबागकडचा. सगळे त्याला ख्रिश्चन समजत. मी मात्र — अहो, अलिबागचा माणूस आणि कोळंबीला हात लावत नाही? शुक्रवारी दिवेलागणीला आंघोळ करून कोपऱ्यात गप्प बसतो? माझ्या मनात पाल चुकचुकली. विचारलं कधीच नाही. नुसती पाळत ठेवत राहिलो.

एकदा सुट्टीहून परत आल्यावर त्याने माझ्या हातात पाकीट ठेवलं. आत त्याच्या मामाचा फोटो. मामा मुंबईहून विलायतेला जाऊन विमानदलात भरती झालेला, बावीस वर्षांचा पोरगा. महायुद्धात जर्मनीवर बॉम्ब टाकायला गेलेलं त्याचं विमान परत आलंच नाही. ना प्रेत, ना कबर. बेनच्या आईकडे भावाचा हा एकच फोटो उरलेला. "मोठा करून दे यार," बेन म्हणाला. "आई येतेय व्हिजिट व्हिसावर. तिला देईन."

लॅबमध्ये पाकीट उघडलं. फोटोच्या मागे कोणीतरी शाईने लिहिलेलं — अरबी नव्हे. चौकोनी, सुटी सुटी अक्षरं, आणि खाली सहा कोनांची चांदणी. म्हणजे बेन यहुदी. शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे! आमच्या आजोळी, पेणला, त्यांची घरं होती. आमच्यासारखंच मराठी बोलणारी, सणाला आमच्याकडे ताट पाठवणारी. मला घाबरायचं काय कारण? पण घाबरलो. हे याने मलाच का दिलं? मला अडकवतोय? अरबांच्या मुलुखात ही चांदणी माझ्या हातात सुपरवायझरने बघितली तर? त्यातून माझा व्हिसा रिन्यूला गेलेला. तसाच परत द्यावा, तर मला कळलंय हे त्याला कळणार — मग?

मग काय, डोंबल! पुढची बाजू कॉपी करून फोटो मुकाट्याने परत दिला असता, तर कोणाच्या बापाला कळलं असतं? त्या अख्ख्या दिवसात माझ्याकडे कोणी वळूनही बघितलं नव्हतं. तरी मी — कटर खाली ओढला. दोनदा. तुकडे वापरलेल्या केमिकलच्या पिंपात टाकले.

बेनला सांगितलं, मशीनमध्ये अडकून जळाला.  तो म्हणाला, "खलास?" एवढंच. ओरडला नाही, आणि मला त्याचाही संशयच आला. हा ओरडत का नाही?

महिन्याभराने त्याची आई आली, रिबेकामावशी. डोळे अधू झालेले, पण हाताची चव शाबूत. गव्हाच्या चिकाचा हलवा करून आणला होता, तो आधी माझ्या हातावर ठेवला. मी मनात म्हटलं, सावध राहा, आता ही विचारणार. तिने विचारलं, पण भलतंच.

"बाळा, माझ्या भावाला शेवटचं बघितलंस ते तूच. मला आता आठवेना रे — त्याच्या गालावर तीळ होता, तो डाव्या की उजव्या?"

मी म्हणालो, "डाव्या."

तिने स्वतःचा डावा गाल चाचपला. इतकी खूश झाली! "हां, डाव्याच. बघ, आणि मी इतकी वर्षं उजव्या म्हणत होते."

मी तो चेहरा पाहिलाच नव्हता. फोटो पालथाच कापला होता मी.